गोठ्यातली मोटार

काही ऑफिसांत फाइली साचतात, काही ऑफिसांत धूळ साचते. आमच्या ऑफिसात किस्से साचायचे! त्याला कारणही तसंच होतं. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, ऑफिसांना धड इमारती नव्हत्या आणि आमच्या वाट्याला अडत बाजारातलं एक रिकामं गोदाम आलं होतं. टेबलं यायची होती, कपाटं यायची होती, आली होती ती फक्त माणसं. मग बोअरच्या केसिंग पायपांवर बसायचं, चहा मागवायचा आणि बोलत राहायचं. दुसरं करणार काय!

त्यातलं पुष्कळसं मी विसरून गेलो. एका जुन्या मोटारीचे किस्से मात्र एकातून एक निघत गेले आणि अजूनही आम्ही कुठं भेटलो की तेच निघतात. विषय एवढासाच होता. आमच्या सोनकांबळे साहेबांनी ती मोटार घ्यावी की नाही? मोटार पार मोडकी, साहेब रिटायर व्हायला आलेले, आणि त्यांची आई, म्हणजे माय, हो म्हटल्याशिवाय ते घेणार नव्हते. माय हो म्हणत नव्हती. बरं, नाहीही म्हणत नव्हती!

माणसं थोडीच आहेत, सांगून टाकतो. जमिनीत पाणी कुठं आहे ते शोधून बोअर पाडणं हे आमच्या ऑफिसचं काम. साहेब भूगर्भशास्त्र शिकलेले, आमचे मुख्य. बिरादार उदगीरचा, रिगवरचा सुपरवायझर, बोलताना मधेच कानडी सोडायचा. पाशाभाई जीपचे ड्रायव्हर. आणि मी साहेबांचा मदतनीस. मी केळीच्या बागांसाठी नावाजलेल्या अर्धापूरचा, म्हणून सगळे मला 'केळीवाले' म्हणायचे. दुष्काळात केळीवाला म्हणवून घ्यायला काय वाटतं ते मलाच ठाऊक!

*

नव्या जिल्ह्याचं ऑफिस म्हटलं की लोकांना वाटायचं, इथं सगळंच मिळतं. औशाकडचे एक म्हातारे बाबा सातबाऱ्याचं काम घेऊन आमच्याकडे आले. साहेबांनी त्यांना पायपावर बसवलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, तहसील तिकडं आहे. हे पाण्याचं ऑफिस आहे."

बाबा म्हणाले, "मंग एक तांब्या द्या की!"

ऑफिसात थेंब नव्हता. आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. शेवटी पाशाभाईंनी जीपमधला कॅन काढून आणला. बाबा पोटभर प्याले, मिशा पुसल्या आणि आमच्या बोर्डाकडं मान वर करून बघत म्हणाले, "हाव, पान्याचंच हाय." त्यांच्या सातबाऱ्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही.

*

पाणी कुठं लागेल हे सांगणं तसं सोपं असतं. थोडं यंत्र सांगतं, थोडं खडक सांगतो. अवघड असतं ते थांबणं.

रिग धडधडत असते, राखाडी फुफाटा उडत असतो, सगळं गाव भोवती गोळा झालेलं असतं. पाण्याचा पत्ता नसतो. साहेब म्हणतात बस करा, की गावातून आवाज येतोच, "साहेब, अजून वीस फूट!" वीस फूट जातात. "साहेब, आता एवढे वीस!" कुणालाच थांबायचं नसतं. थांबलं की इथं पाणी नाही हे कायमचं खरं होतं, आणि ते कुणालाच खरं व्हायला नको असतं. मला त्यांचा कधी राग आला नाही.

साहेब यावर वाद घालायचे नाहीत. ते फुफाटा चिमटीत धरायचे, चोळून बघायचे आणि कॅन घेऊन सावकाश हात धुवायचे. साहेबांनी हात धुतले म्हणजे संपलं! बिरादार लगेच रिग बंद करायचा. त्यानंतर सरपंच येवो की आमदार, काही उपयोग नसायचा.

निलंग्याकडच्या एका गावात साहेबांनी असेच हात धुवायला घेतले. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "हात धुयाला पानी हाय साहेबाला, आन आमाला प्यायला न्हाई!"

साहेबांचे हात धारेखालीच राहिले. मग त्यांनी कॅन उचलला आणि त्या बाईच्या घागरीत रिकामा केला. त्या दिवसापासून ते हात पँटीला पुसायला लागले. घरी वहिनी पँटीवरच्या राखाडी डागांवरून ओरडायच्या, पण साहेबांनी बोअरवर परत पाण्यानं हात धुतले नाहीत.

*

त्याच उन्हाळ्यात नांदेड जिल्ह्यातही तीच बोंब होती. भोकरकडच्या गावांना मदत म्हणून आमची रिग तिकडं पाठवली आणि फिरत फिरत आम्ही साहेबांच्या स्वतःच्याच गावात येऊन पोचलो.

आमची पाहणी करायची पद्धत अशी. चार लोखंडी खुंट्या एका सरळ रेषेत ठोकायच्या, त्यांना वायरी जोडायच्या, मधे यंत्र ठेवायचं आणि काटा वाचायचा. रेष वाकडी चालत नाही. मधे कुणाचं अंगण येवो, उकिरडा येवो, ओलांडून जायचं. त्या दिवशी रेषेत पाटलाचा गोठा आला. एक खुंटी आत जाऊन ठोकली तर यंत्राचा काटा वेडावाकडा उड्या मारायला लागला.

बिरादार ओरडला, "येनप्पा हे! साहेब, खाली लोखंडाची खाण हाय काय!"

साहेब बघायला आत गेले ते बाहेर येईनात. मी मागोमाग गेलो. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारलेल्या, आणि त्यामागं एक भलीमोठी जुनी मोटार. टायर नव्हतेच, चाकाच्या लोखंडी कडा मातीत रुतलेल्या. आमची खुंटी त्यातल्याच एका कडेला टेकली होती. साहेब बॉनेटवर हात ठेवून उभे होते. केसात भुसा.

मी विचारलं, "साहेब, खाण?"

"मोटार," साहेब म्हणाले. आणि जरा वेळानं, "ही अजून हाय!"

साहेब शुद्ध बोलायचे. 'हाय' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ती रेष आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावी लागली.

*

मोटार कोणती हे कुणालाच सांगता येईना. पुढची नावाची पट्टी कधीच निघून गेली होती. पाशाभाई म्हणाले, "विलायती है. मिजास देखो ना!" बिरादार म्हणाला, अमेरिकेचीच, कारण म्हशीएवढी रुंद हाय. दोघांची चांगलीच जुंपली.

शेवटी बापूरावला विचारलं. बापूराव म्हणजे जुन्या पाटलाचा नातू. मोटार आजोबांनी निजामाच्या काळात आणलेली. आता ना पाटीलकी राहिली होती ना तो थाट, आणि बापूराव स्वभावानं सरळ माणूस होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "आजोबा तिला मोटारच म्हनायचे. तालुक्यात दुसरी हुती कुठं, नाव ठिवायला!"

वाद मिटला.

तिची अवस्था काय सांगू! खाली बघितलं तर जमीन दिसायची. दारांच्या आतलं लाकूड वाळवीनं खाल्लेलं, काचा गेलेल्या, सीटमधून काथ्या वर आलेला. समोरच्या कप्प्यात कोंबडी अंड्यावर बसलेली, आणि ती आमच्याकडं अशी बघत होती की जणू आम्हीच आगाऊ! इंजिन जाम. बापूराव म्हणाला, "साहेब, पाहिजे तर न्या. म्हशीला जागा व्हईल." किमतीचं बोलणं तिथंच एका वाक्यात संपलं, इतकं ते किरकोळ होतं. खरा प्रश्न तिला नीट करण्याचा होता. त्यात साहेबांच्या रिटायरमेंटनंतरची किती वर्षं जातील, ते देवालाही सांगता आलं नसतं.

*

आता त्याच गावातल्या बोअरचं ऐका. स्वतःच्या गावात पॉइंट देणं म्हणजे परीक्षा. पाटील गल्लीला वाटत होतं, साहेब आता जुना हिशोब काढणार. साहेबांच्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांना वाटत होतं, साहेब मोठे झाले, आता आपल्याला विसरणार. साहेब कुणाच्याच घरी चहा प्याले नाहीत. दिवसभर उन्हात फिरले, रेषांवर रेषा टाकल्या, आणि पॉइंट निघाला वस्तीत, बुद्धविहाराच्या शेजारी.

पाटील गल्लीतली काही मंडळी कुरकुरली. साहेबांनी त्यांना यंत्रापाशी बसवून काटा दाखवला. त्यांना तो कळला नाही, पण बोअरचं पाणी मात्र कळलं. गार आणि गोड. हापसा बसला आणि सगळं गाव घागरी घेऊन वस्तीत यायला लागलं. ज्या वस्तीला साहेबांच्या लहानपणी साधी विहीर नव्हती, तिथं आता पाटलाच्या सुना रांगेत उभ्या. साहेब ते बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांना आनंद झाला होता. तो त्यांनी लपवलाही नाही.

बापूराव त्यांच्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मोटार खुशाल न्या. पन ह्यो हापसा हितंच राहू द्या!"

*

लातूरला परतल्यावर ऑफिसात दोन पक्ष पडले. पाशाभाईंचं म्हणणं, मोटार घेऊ नये. "साब, ये मोटर नहीं, बीमारी है! घर में नको लाओ." माझं म्हणणं, घ्यावी. मला त्यातलं कळत काहीच नव्हतं, पण साहेब त्या मोटारीविषयी बोलायला लागले की दहा वर्षांनी लहान व्हायचे आणि मला ते बघायला आवडायचं. बिरादार रोज पक्ष बदलायचा.

साहेबांनी नांदेडहून एक मिस्त्री गाठला आणि मोटारीपाशी नेला. मिस्त्रीनं सगळीकडं ठोकून बघितलं आणि म्हणाला, "रेडिएटर बदलला की झालं." पुढच्या खेपेला म्हणाला, रेडिएटर नव्हे, इंजिन उघडावं लागेल. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाला, इंजिनाचं नंतर बघू, आधी खालची चौकटच कुजलीय. आणि दर वेळेला वर, "खोलल्याबिगर कळत न्हाई, साहेब."

साहेब दर वेळेला मान डोलावून "हां, एवढं करून बघू," म्हणायचे. गावोगाव लोकांना थांबा म्हणणारा माणूस हाच का, असं आम्हाला वाटायला लागलं.

एक दिवस बिरादारला राहवलं नाही. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि गावकऱ्यांच्या आवाजात ओरडला, "साहेब, अजून वीस फूट!"

सगळं गोदाम हसलं. साहेबही हसले. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "बिरादार, बोअरमध्ये मला पाणी पाहिजे असतं. ते लागलं नाही की मी थांबतो. ह्या मोटारीत मला काय पाहिजे, तेच मला धड माहीत नाही. मग थांबू कशावरून?"

बिरादारनं खाली ठेवलेला कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

*

ते काय पाहिजे होतं, ते मग भोकरहून परत येताना जीपमध्ये कळलं. पाशाभाईंनीच विचारलं, "साब, बुरा नको मानो. उस डब्बे में है क्या?"

साहेब बाहेर बघत सांगायला लागले.

"आमच्या वस्तीला विहीर नव्हती, आणि गावातल्या विहिरीवर आम्हाला येऊ देत नव्हते. माय नदीच्या झिऱ्यावरून पाणी आणायची. वाळूत खड्डा करायचा, झिरपेल तसं वाटीवाटीनं घागरीत भरायचं. घागर भरायला सकाळ जायची. मी मायच्या मागं मागं. गावाच्या अलीकडं एक चढ आहे. पाटलाची मोटार हमखास तिथं तापायची. वाफा निघायला लागायच्या. मग ड्रायव्हर वाटेवरच्या बायांना थांबवायचा आणि घागर मोटारीत ओतायला लावायचा. कैक वेळा ती घागर मायची असायची. नाही कोण म्हणणार? पाटलाची मोटार! गावच्या विहिरीला आमचा विटाळ होता, मोटारीला आमच्या पाण्याचा नव्हता."

पाशाभाईंनी जीप हळू केली.

"माय रिकामी घागर घेऊन परत झिऱ्याकडं जायची. मी तिथंच थांबायचो. मोटार गार होईपर्यंत तो ड्रायव्हर मला हॉर्न दाबू द्यायचा. अख्ख्या वस्तीत हॉर्न दाबलेलं पोरगं मी एकटा! माय उन्हात त्या वाटेनं लांब जाताना दिसायची आणि मला वाटायचं, मोटार अजून थोडी तापलेली राहू दे."

नंतर ते म्हणाले, "मायचं जेवढं पाणी गेलं, तेवढी माझी मजा झाली. आता तीच मोटार दारात आणून उभी करू? कोणत्या तोंडानं?"

मी काहीतरी बोलणार होतो. बिरादारनं माझा गुडघा दाबला. पाशाभाई म्हणाले, "साब, ते तुम्हाला ठरवता येत न्हाई. माँ से पूछो."

साहेबांनी विचारलं. गावाकडचं पाणी आटलं तेव्हापासून माय लातूरला त्यांच्याकडंच राहत होती. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी हॉर्नपर्यंत. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाकर थंड व्हून राहिली, जेव आदी."

*

मायकडून हो की नाही ते काढायला मग आमची वरात सुरू झाली. आधी पाशाभाई गेले. माय त्यांना म्हणाली, "तुजी लेक बाळातपनाला आली का रं?" पाशाभाई तासभर लेकीचंच सांगून परत आले. बिरादार गेला. त्याला तिनं भाकरी आणि ठेचा वाढला आणि विचारलं, "येवडा मोट्यानं कामून बोलतोस? रिग हितं हाय का?" बिरादार तीन दिवस हळू बोलत होता, एवढाच काय तो फायदा झाला.

माय उंचीला कमी, पाठ जरा वाकलेली, डोळे मात्र लख्ख. तिला सगळं दिसायचं. साहेबांच्या कॉलनीत टँकर यायचा, तेव्हा ती दारात उभी राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, "माजा ल्योक पान्याचा साहेब हाय बरं का! तवा तर घरी टँकर येतो!" साहेब आत बसून ऐकायचे आणि हसायचे. दुसऱ्या कुणाचं त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

शेवटी मला पाठवलं. मी ठरवून गेलो होतो की वळसे घ्यायचे नाहीत. म्हणालो, "आजी, साहेबांना ती मोटार घ्यायचीय. तुमच्या मनात काय आहे?"

ती तूर पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "केळीवाल्या, त्या गाडीला अजून पानी लागतं का?"

मी म्हणालो, "लागतं, आजी. त्याशिवाय इंजिन गार कसं राहणार?"

"किती?"

"असंल एक घागरभर."

माय परत पाखडायला लागली. म्हणाली, "मंग ती अजून तीच हाय."

मी ऑफिसात येऊन हे सांगितलं. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, मग पेन उचललं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोटारीचं नाव काढणं बंद केलं. आम्हीही काढलं नाही. खरं सांगतो, त्या आठवड्यात गोदाम मला फार मोठं वाटायला लागलं होतं.

*

आणि मग, कुणी काही विचारलं नसताना, एका सकाळी माय म्हणाली, "मला दाव ती."

आम्ही सगळेच निघालो. माय जीपमध्ये पुढं बसली होती आणि नांदेड येईपर्यंत पाशाभाईंना सांगत होती की खड्डे चुकवायचे तर डावीकडून का चुकवत नाहीस. साहेब मागं आमच्यात दाटीवाटीनं बसले होते. गावाच्या अलीकडचा चढ आला. तिनं वळून बघितलं नाही. जीप एका दमात वर गेली.

बापूरावनं कडबा हलवून ठेवला होता. तो पुढं आला, मायला वाकून नमस्कार केला आणि बसायला खुर्ची आणली. माय म्हणाली, "खुर्ची नगं. मी बसायला न्हाई आले."

तिनं मोटारीला एक फेरा मारला. समोर थांबून तिनं त्या जाळीला, जिथं पाणी ओततात तिथं, बोटानं टोचून बघितलं. गंज गळून पडला. मी साहेबांकडं बघितलं, तर ते जमिनीकडं बघत होते. मायनं मग मागच्या दारापाशी येऊन विचारलं, "आतून कसं हाय?"

साहेब म्हणाले, "मलाही माहीत नाही, माय. आत कधी बसू दिलं नव्हतं. खिडकीतनं हात घालून हॉर्न तेवढा."

"उगड."

दार उघडायला बिरादार आणि बापूराव दोघं लागले. पाशाभाईंनी खांद्यावरची चादर काढून काथ्यावर टाकली. माय आत चढली, मागच्या सीटवर बसली आणि पुढच्या सीटची कड तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली. एसटीत बसल्यावर धरतात तशी.

आम्ही सगळे बाहेर उभे. साहेब म्हणाले, "बोल माय."

"थांब जरा."

आम्ही थांबलो. बाहेर ऊन रणरणत होतं, गोठ्यात मात्र गार होतं. माय समोर बघत बसली होती. जरा वेळानं तिचे हात सैल झाले. मग तिची मान हळूहळू एका बाजूला कलली, आणि आमच्या लक्षात आलं की माय झोपली!

बिरादार काही म्हणणार तोच साहेबांनी बोट ओठावर ठेवलं. "झोपू द्या," ते म्हणाले. "दुपारची झोप मी तिची कधी बघितली नाही."

मग काय! म्हशी हंबरतील म्हणून बापूरावनं त्या सोडून लांबच्या लिंबाखाली नेऊन बांधल्या. पाशाभाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातानंच पिटाळत होते. बिरादार कानात बोलल्यासारखा बोलत होता. आणि आमचे सोनकांबळे साहेब मोटारीच्या उघड्या दारापाशी उभे राहून रुमालानं माश्या वारत होते. मी म्हणालो, "साहेब, मी करतो, तुम्ही बसा." त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते. मी बाजूला झालो.

ऊन कलायला लागलं तेव्हा माय जागी झाली. तिनं डोळ्यांवरून पदर फिरवला, काच नसलेल्या खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली,

"आलं का गाव?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. बापूराव तर घाबरलाच.

साहेब म्हणाले, "आलं, माय."

तिनं हात पुढं केला. साहेबांनी तिला धरून खाली उतरवलं. तिनं गोठा बघितला, रिकामी दावण बघितली, आम्हा सगळ्यांची तोंडं बघितली. पातळ झटकून सारखं केलं आणि जीपकडं चालायला लागली. आम्ही मागं. जीपमध्ये पाय ठेवता ठेवता ती थांबली आणि साहेबांकडं वळली.

"घे," ती म्हणाली. "पन आदी नीट करून घे. लई हळू चालती!"